मालकंसात पंचम कुठून आला? घरच्या ऑडिओतला हम शोधताना

रात्री साडेअकराला मालकंस राग लावला होता. जुनी तबकडी, गायकाचा षड्ज पेटीच्या पांढरी एक पट्टीचा. आलाप सुरू झाला आणि दोन मिनिटांत जाणवलं की तानपुऱ्याखाली आणखी एक सूर आहे. मालकंसात रिषभ आणि पंचम वर्ज्य. तानपुरासुद्धा पंचमाऐवजी मध्यमात लावतात. आणि माझ्या खोलीत मात्र मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातला पंचम घुमत होता, तोही किंचित चढा.

हा योगायोग नव्हता. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. तिचा हम, म्हणजे सततची घुमघुम, स्पीकरमध्ये उतरतो तेव्हा ५०, १००, १५० हर्ट्झ अशा पायऱ्यांनी उतरतो. पांढरी एकचा षड्ज साधारण १३०.८ हर्ट्झ, त्याचा मंद्र पंचम ९८.१ आणि मध्य सप्तकातला शुद्ध रिषभ १४७ च्या आसपास. म्हणजे १०० चा हम पंचमाला चिकटतो आणि १५० चा रिषभाला. मालकंसानं बाहेर ठेवलेले नेमके दोन स्वर विजेच्या वायरीतून आत येऊ शकतात; त्या रात्री पंचम आला होता. दुसरा एखादा राग असता तर तानपुऱ्याचा पंचम आणि हा हम यांच्यात सेकंदाला दोनदा लाट उठली असती, आणि तानपुरा नीट लागलेला नाही असं वाटलं असतं. बरेच लोक वर्षानुवर्षं असंच ऐकत असणार, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आमचा हम तीन वेळा गेला आणि दोनदा परत आला. पुण्यात एरंडवण्यातली आमची सोसायटी जुनी, चार मजली. अ‍ॅम्प्लिफायर बाबांचा, टर्नटेबल माझं, शिवाय सेट-टॉप बॉक्स आणि कॉम्प्युटर.

काहीही विकत घेण्याआधी चार गोष्टी पाहा. चारही फुकट आहेत.

पहिली: आवाज स्पीकरमधून येतोय की डब्यातून? अ‍ॅम्पजवळ कान न्या. ट्रान्सफॉर्मर स्वतःच थरथरत असेल तर स्पीकरच्या वायरी काढल्या तरी आवाज राहतो. तो यांत्रिक आवाज आहे, त्याला केबल बदलून उपयोग नाही. मोठ्या गोल टोरॉइडल ट्रान्सफॉर्मरना हा त्रास जास्त होतो, कारण लाइनमध्ये थोडी जरी डीसी मिसळली तरी ते गुरगुरतात. शेजारच्या खोलीत कुणी काही प्रकारचे हेअर ड्रायर अर्ध्या वेगावर लावले की असं होतं. ड्रायर बंद, गुरगुर बंद.

दुसरी: व्हॉल्यूमचं बटण फिरवा. हम त्याबरोबर कमीजास्त होत असेल तर तो व्हॉल्यूमच्या आधी, म्हणजे इनपुटच्या बाजूनं शिरतोय. व्हॉल्यूम शून्यावर नेऊनही तसाच राहिला तर दोष व्हॉल्यूमच्या पुढे आहे, बहुतेक अ‍ॅम्पच्या पॉवर सप्लायमध्ये. माझ्या मते ही एक चाचणी बाकी सगळ्या सल्ल्यांपेक्षा मोलाची आहे आणि तिला पाच सेकंद लागतात.

तिसरी: सूर ओळखा. मोबाइलवर टोन जनरेटर घ्या, हेडफोन लावा आणि ५० व १०० हर्ट्झ आळीपाळीनं ऐका. मोबाइलच्या स्वतःच्या स्पीकरमधून ५० हर्ट्झ जवळजवळ ऐकूच येत नाही, म्हणून हेडफोन हवेतच. गोल, गुळगुळीत १०० असेल तर पॉवर सप्लायवर संशय घ्या. खोल ५० असेल तर ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र किंवा अर्थचा घोटाळा. चरचरणारा, माशी अडकल्यासारखा आवाज असेल तर चार्जर, डिमर, एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर. ही विभागणी काटेकोर नाही, प्रत्यक्षात मिश्रणच येतं. पण शोध कुठून सुरू करायचा ते कळतं.

चौथी, आणि इथे लोक घाई करतात: अ‍ॅम्पच्या मागच्या सगळ्या केबल काढा. सगळ्या. नुसती उपकरणं बंद करून भागत नाही, कारण स्विच बंद असला तरी केबलची बाहेरची जाळी आणि प्लगची तिसरी पिन जोडलेलीच असते. फक्त अ‍ॅम्प आणि स्पीकर ठेवा. शांत झालं? मग एकेक केबल परत लावा. अँटेनाची, केबल टीव्हीची, एचडीएमआयची वायर ही प्रत्येक वेगळी केबल समजा. मी पहिल्या वेळी सेट-टॉप बॉक्सची आरसीए, म्हणजे आवाज नेणारी केबल, तपासली आणि टीव्हीतून येणारी एचडीएमआय लावलेलीच ठेवली, त्यात एक अख्खा रविवार गेला.

पहिला हम: डिसेंबर

त्या मालकंसाच्या रात्री व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी हम तसाच होता, दोन्ही स्पीकरमध्ये सारखा, १०० हर्ट्झ. सगळ्या केबल काढल्या, काही फरक नाही. म्हणजे अ‍ॅम्पच.

अ‍ॅम्पमधला रेक्टिफायर ५० हर्ट्झच्या लाटेचे दोन्ही भाग एका बाजूला वळवतो, म्हणून उरणारी लहर १०० ची असते. ती सपाट करण्याचं काम मोठ्या कपॅसिटरचं. कपॅसिटर वर्षानुवर्षं गरम होत आतून सुकतात, मग लहर तशीच पुढे जाते. बुधवार पेठेतल्या एका जुन्या कारागिरांकडे अ‍ॅम्प नेला. त्यांनी झाकण उघडलं आणि कशाला हात लावण्याआधी कपॅसिटरवर रेझिस्टर टेकवून धरला. म्हणाले, "ताई, प्लग काढला म्हणून हा रिकामा होत नाही. हे घरी करू नका." दोन्ही मोठे कपॅसिटर बदलले: तेवढ्याच मायक्रोफॅरडचे, व्होल्टेज जुन्याइतकंच, पण १०५ अंश तापमान झेलणारे. बदलायला सांगताना हा आकडा आवर्जून सांगा. ८५ अंशवाले स्वस्त मिळतात आणि बंद डब्यात लवकर थकतात.

अ‍ॅम्प घरी आला. मालकंस परत लावला. पंचम गेला होता.

दुसरा हम: जुलै

सहा-सात महिन्यांनी परत. या वेळी व्हॉल्यूमबरोबर वाढणारा, ५० आणि १५० चं मिश्रण. केबल काढत गेले आणि सेट-टॉप बॉक्सपाशी थांबले. बॉक्सला येणारी केबलवाल्याची वायर उपसली की हम पूर्ण गायब. बॉक्स चालू, आरसीए जोडलेली, फक्त बाहेरची वायर हातात, आणि खोली शांत.

याला ग्राउंड लूप म्हणतात. लूप म्हणजे नक्की काय, हे मला नुसत्या शब्दांतून कधीच कळलं नव्हतं, आकड्यांतून कळलं. अ‍ॅम्पचा तीन पिनी प्लग आमच्या सोसायटीच्या अर्थिंगला जोडलेला. केबलची जाळी कुठेतरी दुसऱ्या इमारतीच्या गच्चीवरच्या बूस्टरच्या अर्थला जोडलेली. दोन अर्थ म्हणजे जमिनीतली दोन वेगळी ठिकाणं, आणि त्यांच्यात थोडा व्होल्टेजचा फरक असतोच. त्या फरकानं प्रवाह वाहतो आणि त्याची वाट जाते माझ्या आरसीए केबलच्या बाहेरच्या जाळीतून. समजा जाळीचा रोध ०.०५ ओहम आणि प्रवाह २० मिलिअँपिअर. गुणाकार केला की १ मिलिव्होल्ट. अ‍ॅम्पच्या दृष्टीनं जाळी म्हणजे शून्य. शून्यच १ मिलिव्होल्टनं हललं तर तो ते संगीत समजून वाढवतो. सीडी प्लेअर पूर्ण आवाजाला २ व्होल्ट देतो, त्याच्या दोन हजाराव्या हिश्शाइतका हा हम. दिवसा रस्त्याच्या आवाजात कळणार नाही, रात्री नक्की कळेल.

त्या वेळी मी आरसीए केबल बदलली. लांबलचक पातळ केबल काढून हातभर लांबीची, जाड जाळीची लावली. जाळीचा रोध घटला, हम इतका खाली गेला की कान स्पीकरला लावल्याशिवाय ऐकू येईना. काम झालं असं मी ठरवलं. तिथेच चुकलं. लूप तसाच होता, मी फक्त गुणाकारातला एक आकडा लहान केला होता.

तिसरा हम: एप्रिल

दुसरा आकडा एप्रिलमध्ये वाढला. हम परत आला, आणि या वेळी विचित्र पद्धतीनं: दिवसभर थोडा, संध्याकाळी सातच्या सुमारास एकदम मोठा, साधारण पाऊण तासानं परत थोडा. मग मी वहीत वेळा लिहायला लागले. येत-जात राहणाऱ्या हमसाठी यापेक्षा चांगलं हत्यार नाही. तारीख, वेळ, हम किती, घरात काय चालू, इमारतीत काय चालू. लिफ्ट, शेजाऱ्यांचं वॉशिंग मशीन, जिन्यातले दिवे. दहा दिवसांत वही बोलली: टाकीत पाणी चढवायचा पंप सुरू झाला की हम दुप्पट. एका गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली होती, पंप नेहमीच्या वेळी लागला नाही, रात्री नऊला लागला. हमही नऊला आला. मग शंका उरली नाही.

मल्टिमीटरनं सॉकेट तपासलं. हे ज्यांना मीटर धरायची सवय आहे त्यांनीच करावं, बाकीच्यांनी इलेक्ट्रिशियनला बोलवावं. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास हवेत, फेज आणि अर्थमध्ये तितकेच, न्यूट्रल आणि अर्थमध्ये एखाद-दोन व्होल्ट. आमच्याकडे न्यूट्रल-अर्थमध्ये ७ होते, पंप बंद असताना ३. फेज-अर्थमध्ये ६० किंवा ११० असा भलताच आकडा दिसला तर तिसऱ्या भोकामागे वायरच नाही असं समजा. जुन्या घरांत हे सर्रास सापडतं, भोक असतं, अर्थ नसतो. आणि न्यूट्रल-अर्थमध्ये अगदी शून्यच शून्य दिसला तर खूश होऊ नका, सॉकेट उघडून बघायला सांगा. कुणीतरी आतल्या आत न्यूट्रल आणि अर्थ तुकड्यानं जोडून ठेवलेले असू शकतात. मग ज्या दिवशी न्यूट्रल तुटेल त्या दिवशी तुमच्या अ‍ॅम्पच्या, फ्रीजच्या, मशीनच्या धातूच्या अंगावर थेट वीज येईल.

सोसायटीच्या सेक्रेटरींना वही दाखवली. आधी म्हणाले, "स्पीकरच्या आवाजासाठी अर्थिंग खणायचं?" मी म्हटलं, "काका, स्पीकरमध्ये ऐकू येतंय ते बरं आहे. नाहीतर पंपाच्या लोखंडाला हात लावून कळलं असतं." त्यांनी दुसऱ्याच दिवशी माणूस आणला.

अर्थिंगचा खड्डा पार्किंगच्या कोपऱ्यात होता, झाकणावर फरशी बसवलेली. पूर्वी उन्हाळ्यात त्यात पाणी ओतायचे, फरशी झाल्यापासून बंद. अर्थिंग ओल्या मातीतून काम करतं. कोळसा घालतात तो ओल धरून ठेवायला, आणि मीठ त्या ओलीतून वीज सहज जावी म्हणून. पुण्याखाली बेसॉल्टचा काळा कातळ आहे, वर कुठे चार हात मुरूम, कुठे लगेच दगड. कोरड्या कातळाला वीज फारशी शिरू देत नाही. पावसाळ्यात सगळं भिजलेलं म्हणून आमचं अर्थिंग चालून जायचं, वैशाखाच्या तोंडावर कोरडं पडायचं. त्या माणसानं अर्थ टेस्टर लावला: २८ ओहम. मग पंपाच्या वायरीवर गळती मोजणारा क्लॅम्प लावला. मोटरचं वाइंडिंग ओल लागून खराब झालं होतं आणि जवळजवळ ०.२ अँपिअर सरळ अर्थमध्ये जात होता. २८ ला ०.२ नं गुणा, साडेपाच व्होल्टच्या वर येतात. पंप चालू झाला की अख्ख्या इमारतीचा अर्थ तेवढा वर उचलला जायचा, केबलवाल्याचा अर्थ आपल्या जागी, आणि दोघांमधला फरक माझ्या आरसीएच्या जाळीतून वाट काढायचा.

मोटर रिवाइंड झाली. खड्डा खणून नव्यानं भरला, पाणी ओतायला पाइप वर काढून ठेवला. मे महिन्यातच मोजलं: ४ ओहम, न्यूट्रल-अर्थमध्ये २ व्होल्ट. पंपाच्या लाइनवर ३० मिलिअँपिअर गळतीला लाइन तोडणारा आरसीसीबी स्विच बसवला. तो आधी असता तर पंपानं पहिल्याच दिवशी लाइन पाडली असती आणि मला हम ऐकायची वेळच आली नसती.

शेवटी लूपही तोडला. केबलवाल्याची वायर बॉक्समध्ये शिरते तिथे गॅल्व्हॅनिक आयसोलेटर लावला. सिग्नल जातो, जाळीचा विद्युत संबंध तुटतो. पण तुमच्याकडे छत्रीवालं डीटीएच असेल तर हा तिथे लावू नका: छत्रीवरच्या एलएनबीला, म्हणजे सिग्नल पकडणाऱ्या भागाला, त्याच वायरीतून १३ किंवा १८ व्होल्ट डीसी जाते, आयसोलेटर ती अडवतो आणि चित्रच जातं. डीटीएचवाल्यांनी बॉक्स किंवा टीव्हीतून ऑप्टिकल केबलनं आवाज अ‍ॅम्पला न्यावा. काचेतून किंवा प्लास्टिकमधून उजेड जातो, वीज नाही, त्यामुळे लूप संभवतच नाही. अ‍ॅम्पला ऑप्टिकल नसेल तर आरसीएच्या मध्ये ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. अगदी स्वस्त घेतलात तर खर्ज पातळ होतो, म्हणून परत करता येईल अशा बोलीवर घ्या.

या सगळ्या काळात एका दुकानात मला ठामपणे सांगितलं गेलं की अ‍ॅम्पच्या प्लगची मोठी पिन काढून टाका, हम जाईल. जातो, हे खरं. लूप तुटतो. पण ती पिन अ‍ॅम्पच्या धातूच्या डब्यावर फेज आली तर फ्यूज उडावा म्हणून आहे. ती काढली की तीच फेज तुमच्या किंवा घरातल्या पोराच्या हाताची वाट पाहत डब्यावर बसून राहते. आमच्या पंपाची कहाणी वाचलीत ना? तशी गळती अ‍ॅम्पमध्येही होऊ शकते. तीन पिनीचा दोन पिनी करणारा अडॅप्टर म्हणजे तेच, फक्त पक्कड न वापरता. लूप तोडायचा तो सिग्नलच्या बाजूला, अर्थच्या बाजूला कधीही नाही.

टर्नटेबलवाल्यांसाठी

तबकड्या ऐकणाऱ्यांचा हम वेगळ्या जातीचा असतो, कारण तिथे सगळं फार नाजूक. सुई ज्यात बसवलेली असते त्या कार्ट्रिजचे दोन प्रकार: मूव्हिंग मॅग्नेटमधून जेमतेम ५ मिलिव्होल्ट येतात, मूव्हिंग कॉइलमधून त्याच्या दहाव्या हिश्शाइतके. फोनो स्टेज, म्हणजे तबकडीचा सिग्नल वाढवणारा भाग, ते शंभरपट करते, आणि त्यावर आरआयएए नावाचा ठरलेला वक्र. तबकडीत खर्ज दाबून कोरलेला असतो आणि वाजवताना परत वाढवावा लागतो. ५० हर्ट्झला ही वाढ १ किलोहर्ट्झच्या मानानं १७ डेसिबल, म्हणजे सातपट. संगीत शंभरपट, हम सातशेपट.

म्हणून टर्नटेबलची ती बारीक अर्थवायर अ‍ॅम्पमागच्या जीएनडी लिहिलेल्या स्क्रूला नीट आवळलेली हवी. काही टर्नटेबलांना ती वेगळी नसतेच, आतच जोडलेली असते. तेव्हा शोधत बसू नका. मग मोटर बंद ठेवून, सुई तबकडीवर न टेकवता, टोनआर्म, म्हणजे सुईचा दांडा, हातानं हळूहळू आत न्या. हम वाढत-घटत असेल तर कार्ट्रिज एखाद्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र पकडतंय. अ‍ॅम्पवरच टर्नटेबल ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे, कारण शोकेसमध्ये जागा तेवढीच. दीड-दोन फूट बाजूला सरकवून बघा. जागा नसेल तर अ‍ॅम्प टर्नटेबलच्या दुसऱ्या टोकाखाली घ्या. एकाच बाजूच्या स्पीकरमध्ये हम असेल तर हेडशेलमधल्या, म्हणजे कार्ट्रिज बसतं त्या टोकातल्या, चार रंगीत बारीक वायरींपैकी एखादी सैल असते. चिमट्यानं क्लिप काढून परत घट्ट बसवली की बहुधा काम होतं. जुन्या बाजारातून आणलेल्या टर्नटेबलला हे आधीच करून टाका.

लॅपटॉपची गोष्ट सोपी. चार्जर काढून बॅटरीवर चालवा. चरचर थांबली तर चार्जर. ऑप्टिकल, यूएसबी आयसोलेटर, किंवा ऐकताना बॅटरीवर, यातलं सोयीचं घ्या. पंख्याचा गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर पूर्ण वेगावर नेला आणि चरचर गेली तर तो बदलून कपॅसिटरचा टप्प्याटप्प्याचा घ्या. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर अ‍ॅम्प घुरघुरत असेल तर तो स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर आहे. त्यावर अ‍ॅम्प चालवू नका, साइन वेव्हचा असेल तर हरकत नाही.

आता दर फाल्गुनात खड्ड्याच्या पाइपात दोन बादल्या पाणी ओतायचं काम मी अंगावर घेतलंय. परवा रात्री संध्याकाळचा पंप उशिरा लागला, अकराच्या पुढे. तबकडी तीच होती. मी उठून व्हॉल्यूम वाढवला आणि स्पीकरला कान लावला. मध्यम, षड्ज, पुन्हा मध्यम. बाकी काही नाही.